भाताच्या करप्यासाठी सुडोमोनास पावडर, दोन खरीप वापरून मग लिहितेय

आमचं सासरचं शेत मुरबाड तालुक्यात, एकरभर भात, सगळा घरी खायलाच, आणि मी राहायला कळव्याला, त्यामुळे आवण म्हणजे भाताची रोपवाटिका टाकण्यापासून कापणीपर्यंत बहुतेक रविवार कल्याणपर्यंत लोकल नि पुढे एसटी. दर सप्टेंबरात ढगाळ हवा आणि झिमझिम सुरू झाली की पानावर करप्याचे, म्हणजे बुरशीमुळे होणाऱ्या रोगाचे, ते डोळ्यासारखे ठिपके यायचेच, मधे राखाडी कडेला तपकिरी, आणि लोंबी बाहेर पडता पडता मानेजवळ काळी पडून मोडायची, हातात घेतली तर नुसती पळिंज, म्हणजे दाणा न भरलेली फोलं. भाऊजी ट्रायसायक्लाझोल हे रासायनिक बुरशीनाशक मारायचे आणि रोग थांबायचा, ते खोटं नाही सांगणार. पण युरोपने २०१७ मध्ये तांदळात उरणाऱ्या या औषधाच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जाईना, कारण हा तांदूळ आमच्याच पोरांच्या ताटात जातो.

म्हणून ही पावडर आणली. सुडोमोनास फ्लोरोसन्स नावाचा जिवाणू शंखजिऱ्याच्या पांढऱ्या पावडरीत मिसळलेला असतो, १ किलोची पुडी, एकराला एवढी पुरते. नावातलं फ्लोरोसन्स म्हणजे हा जिवाणू पिवळट हिरवा रंग सोडतो आणि अतिनील दिव्याखाली चमकतो. त्याच रंगद्रव्याने तो मुळाजवळचं लोह पकडून ठेवतो, बुरशीला लोह मिळत नाही आणि ती उपाशी पडते, शिवाय बुरशीला मारणारी द्रव्यं सोडतो आणि झाडाची स्वतःची ताकदही जागी करतो. म्हणजे हे औषध नाही, राखण आहे. रोग येण्याआधी मुळांवर जाऊन बसला पाहिजे, ठिपके दिसल्यावर धावपळ करून काही होत नाही.

पहिल्या वर्षी आमचं पूर्ण फसलं. दुकानातून पुडी मे महिन्यात आणली, दुकानात ती पत्र्याखाली फळीवर कधीपासून पडलेली कोण जाणे, तारीख मी बघितलीच नाही, मग आमच्या माळ्यावर आणखी महिनाभर. वरून दुकानदार म्हणाला ताई यासोबत स्ट्रेप्टोसायक्लीन पण घ्या, दोन्ही एकाच पंपात मारा. अहो स्ट्रेप्टोसायक्लीन जिवाणू मारायलाच असतं! आपणच पैसे देऊन जिवाणू आणायचे आणि आपणच त्यांना मारायचं. त्या वर्षी करपा नेहमीसारखाच आला आणि सासूबाई म्हणाल्या, "पीठ टाकलंस तू शेतात." मला फार लागलं ते, कारण तेव्हा मला उत्तर देता येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पुडी कल्याणहून पेरणीच्याच आठवड्यात घेतली, बनवल्याची तारीख बघून, आणि घरी सावलीत गार जागेला ठेवली. बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाकलं, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगलेलं पोचट काढून टाकलं. मग तीनदा साध्या पाण्याने धुतलं, हे धुणं चुकवू नका, मीठ राहिलं तर उगवणही बिघडते आणि जिवाणूही. सावलीत सुकवलं आणि किलोला १० ग्रॅम पावडर थोड्या पाण्याचा हात लावून चोळली. जुलैत लावणीच्या दिवशी खाचराच्या कोपऱ्यात छोटा बांध घालून पाणी अडवलं, त्यात पावडर कालवली आणि मुठी, म्हणजे रोपांच्या जुड्या, सोडवून त्यांची मुळं अर्धा तास बुडवून ठेवली. लावणीच्या बायकांना आधीच सांगून ठेवा बरं का, नाहीतर रोपांसाठी बायका थांबून राहतात आणि सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. पुढे दीड महिन्याने एक फवारणी, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी चारनंतर कारण उन्हात जिवाणू तग धरत नाहीत. द्रावण फडक्यातून गाळून घ्यायचं, नाहीतर नोझल पाच मिनिटात चोंदतं, आमचं दोनदा चोंदलं.

बांधाला बांध लागून दोन खाचरं आहेत, दोन्हीत कर्जत-३ जातीचा भात, खत सारखंच, त्यातलं एक मुद्दाम कोरडं ठेवलं, म्हणजे पावडरीशिवाय. सप्टेंबरच्या शेवटी कोरड्या खाचरात पानं करपलेली आणि मोडलेल्या लोंब्या जागोजाग. पावडरवाल्यात ठिपके होते, नव्हते असं नाही, पण खालच्या पानांवरच राहिले आणि मानमोडी शोधावी लागत होती. पर्णकोष करपाही, तो बुंध्याशी पाण्याच्या रेषेजवळ चट्टे येतात तो, इथे कमी दिसला. सासूबाई दोन्ही खाचरांतून फिरल्या, काही बोलल्या नाहीत, पण कापणीला या खाचराचं बियाणं वेगळं काढा म्हणाल्या आणि मी बांधावर उभ्या उभ्या रडले, खरंच सांगते.

एवढं मात्र लक्षात ठेवा, कडा करपा वेगळा, तो स्वतःच जिवाणूमुळे होतो, तिथे या पुडीच्या भरवशावर बसू नका. आणि युरिया मूठ सुटेल तसा टाकत असाल तर कुठलीच पावडर करपा अडवणार नाही, रसरशीत हिरव्यागार पानावर तो आधी बसतो. आम्ही युरिया तीन हप्त्यांत विभागला, त्याचाही वाटा असणारच, पण तो दोन्ही खाचरांत सारखाच होता म्हणून श्रेय पावडरीला देतेय.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण पुडी कशी ठेवायची ते लेबलवर इतक्या बारीक अक्षरात होतं की भाऊजींना चष्मा लावूनही दिसेना, आणि सगळा खेळ त्यावरच आहे. यंदा कोरडं खाचर ठेवणार नाही, सासूबाईंनीच नको सांगितलंय, खालच्या चोंढ्याला, म्हणजे सखल खाचरालाही, लागणार म्हणून दोन पुड्या सांगून ठेवल्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात उचलायच्या.