आईच्या शाळेच्या वह्या इथे बांधून घेतल्या, ठाण्यातल्या नौपाड्यातलं बाइंडिंगचं दुकान

राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली हे दुकान आहे. झेरॉक्सवाल्याचा बोर्ड मोठा आणि यांचा छोटा, त्यामुळे मी दोनदा समोरून गेले तरी दिसलं नाही, तर झेरॉक्सच्या उजव्या हाताला बघा. आईची सात रजिस्टरं इथे दिली होती, परवा घेऊन आले. पाच स्टार. जरा सविस्तर लिहितेय कारण हाताने लिहिलेल्या जुन्या वह्या बांधायला कुणाकडे द्याव्यात हे मी शोधत होते तेव्हा कुठेच धड माहिती मिळाली नाही, सगळीकडे ब्लॅकबुक (कॉलेज प्रोजेक्टची काळी बांधणी) आणि स्पायरलचेच रेट.

आधी वह्या कसल्या ते सांगते, नाहीतर काम किती नाजूक होतं ते कळणार नाही. आई प्राथमिक शिक्षिका, कळव्यातल्या एका मराठी शाळेत पंचवीस वर्षं होती, २००६ ला ५८ पूर्ण झाली आणि रिटायर झाली. शाळेचा हजेरीपट शाळेत राहतो, पण आई स्वतःची वेगळी लाँगबुकं ठेवायची, १९८१ पासूनची आहेत. मुलाचं नाव, घर कुठे, आईवडील काय करतात, आणि पानाच्या अगदी कडेला एक बारीक रकाना, पोर का आलं नाही. त्यात लिहिलंय "पाणी भरायला", "धाकटीला सांभाळते", "गावी, लावणी", "चप्पल नाही". काही ठिकाणी पुढे लाल टिक आहे. मी कॉलेजला असताना विचारलं तेव्हा तिने सांगितलं की टिक म्हणजे ते काम झालं, म्हणजे चप्पल घेऊन दिली, किंवा घरी जाऊन बोलून आली आणि पोर परत यायला लागलं. आणि हे सगळं शाळा सुटल्यावर, आणि त्याच वर्षांत घरी आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, सकाळी पाचला उठून आजीचं अंग पुसून, तिला भरवून, आमचे डबे करून आई टीएमटीच्या बसने खाडी ओलांडून दुपारच्या शाळेला जायची. काकांची दोन मुलंही शिकायला आमच्याकडेच होती, चरईतल्या दोन खोल्यांत. तक्रार नाही ऐकली कधी तिच्या तोंडून, हे मी लेक म्हणून नाही, बघितलंय म्हणून लिहितेय.

२६ जुलै २००५ चं पान त्यातच आहे. त्या दिवशी पावसाने ट्रेन बंद, बस बंद, आईवडील मुलांना न्यायला पोचूच शकले नाहीत, आई आणि अजून दोन बाई चौदा मुलांना घेऊन रात्रभर शाळेच्या वरच्या मजल्यावर थांबल्या. दुसऱ्या दिवसाचं पान नुसतं चौदा नावांचं आहे, प्रत्येकासमोर किती वाजता न्यायला आले आणि कोण आलं, मामा, शेजारी, आजी. शेवटचं पोर दुपारी सव्वातीनला गेलंय. आई त्यानंतर घरी आली. शाई पसरलीय सगळीकडे पण वाचता येतं.

शेवटची दोन रजिस्टरं रिटायर झाल्यानंतरची. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशींची मुलं बसतात, पाढे, शुद्धलेखन, आणि दरवर्षी आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशाचे फॉर्म. खाजगी शाळेत गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी कागदांशी अडतं, रहिवासाचा पुरावा, जन्माचा दाखला, जातीचा दाखला किंवा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, शिवाय घर मॅपवर टाकावं लागतं, त्यावरून शाळा किती लांब ते बघतात, जवळच्यांचा नंबर आधी लागतो. आई प्रत्येकीची यादी करून देते, कुठला कागद मिळाला, कुठला राहिला. प्रवेशाच्या लॉटरीचा मेसेज आला की पहिला फोन आमच्याकडे.

तर या वह्यांची अवस्था वाईट झाली होती. पिना गंजलेल्या, मधल्या घड्या फाटून पानं सुटी, दोन रजिस्टरांना कसर (कागद खाणारी कीड) लागलेली. दोन वर्षांपूर्वी मी आईला न विचारता एक रजिस्टर दुसऱ्या एका ठिकाणी दिलं होतं (नाव लिहीत नाही). त्यांनी छान दिसावं म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं. तो कडेचा रकाना अर्धा गेला. "पाणी भ" एवढंच उरलं, पुढचं कापलेलं. आई काही बोलली नाही, पेन्सिल घेऊन बसली आणि आठवेल तेवढं आतल्या बाजूला परत लिहीत राहिली, दोन दिवस. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून यावेळी आईला बरोबर घेऊन गेले. इथल्या काकांनी पहिलं रजिस्टर हातात घेतलं, चार पानं उलटली आणि स्वतःहून म्हणाले, "बाई, हा शेवटचा रकाना अगदी कडेला आलाय, कटिंग मारायचं नाही ना?" मी तिथेच निश्चिंत झाले. कडा वरखाली राहतील, गुळगुळीत येणार नाहीत, ते त्यांनी आधीच सांगितलं. आई म्हणाली, "राहू दे हो, मला काय ते प्रदर्शनाला ठेवायचंय."

काम कसं केलं ते मी मध्ये एकदा जाऊन बघून आले. पिना सगळ्या काढल्या, घडी फाटलेल्या पानांना मागून पातळ कागदाची पट्टी खळीने लावून परत जोडपानं केली, मग जुजबंदी, म्हणजे प्रत्येक जुज (एकात एक घातलेल्या जोडपानांचा गठ्ठा) हाताने दोऱ्याने शिवायचा, नुसता गोंद लावून चिकटवायचं नाही. त्यामुळे वही टेबलावर पूर्ण उघडी राहते, दाबून धरावी लागत नाही, आईच्या हाताला संधिवात आहे तिला याचा फार फरक पडतो. खळ घरीच शिजवतात, मैद्याची, आणि त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात म्हणजे कसर लागत नाही. भिजलेली पानं इस्त्री करू का विचारलं तर म्हणाले अजिबात नको, कागद आधीच कडक झालाय, शिकंज्यात (बाइंडिंगच्या प्रेसमध्ये) दाबून ठेवू, जेवढं सरळ होईल तेवढं होऊ दे.

आणि एक गोष्ट मी सांगितलीच नव्हती. शेवटच्या रजिस्टरात लिहिलेलं निम्म्यावर संपतं. त्यांनी फोन करून विचारलं, "बाई अजून लिहितात का?" मी हो म्हटलं. तर त्यांनी तशाच लाइनचा कागद शोधून चार जुज कोरे शिवून दिले शेवटी. त्याचे पैसे कागदाचेच लावले.

उणिवा सांगायच्या तर दोन. दहा दिवस सांगितले होते, सोळा लागले, गणपती मध्ये आले आणि एकटेच काम करतात, त्यामुळे घाईचं काम असेल तर स्पष्ट विचारून घ्या. दुसरं म्हणजे कण्यावर सोनेरी अक्षरं घातली त्यात एका रजिस्टरवर "विद्यार्थी"ची थी ऱ्हस्व झाली होती, आईने पिशवीतून काढता काढताच बघितलं. काकांनी लगेच ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी नवीन कापडाची पट्टी लावून दीर्घ करून दिलं, वर पैसे नाही घेतले. अक्षरं घालायची असतील तर स्वच्छ मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या.

रेट, कापडी बांधणी आणि जुजबंदी मिळून मला एका रजिस्टरचे ४५० पडले, फाटलेली पानं जास्त होती त्या दोन रजिस्टरांचे प्रत्येकी ६००. कोणाला जास्त वाटेल, मला नाही वाटले. जीपे चालतं. रविवारी बंद. गाडी नेऊ नका, उभी करायला जागा नाही, स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं.

देताना पानांवर पेन्सिलने बारीक नंबर घालून न्या. आईने घातले होते आणि परत आल्यावर सातही रजिस्टरं मोजून बघितली, एक पान इकडचं तिकडे नाही. मोजून झाल्यावर तिने कोऱ्या पानावर रकाने आखले, शेवटचा यावेळी कडेपासून दोन बोटं आत घेतलाय, आणि तिसऱ्या मजल्यावर नवीन कामाला लागलेल्या मावशींच्या मुलीचं नाव घातलं. जन्माचा दाखला गावी आहे, तो मागवायचाय.