नऊ महिने झाले मोल्डिंग लावून, आता खरं काय ते सांगते

मोल्डिंग म्हणजे सजावटीच्या पट्ट्या. हॉलमध्ये वर छताच्या कडेला कॉर्निस, भिंतीवर पट्ट्यांच्या चौकटी आणि खाली जमिनीलगत स्कर्टिंग, असं सगळं एकदमच करून घेतलं. लावल्यावर आठवड्याभरात रिव्ह्यू टाकला असता तर पैकीच्या पैकी दिले असते, बरं झालं आळस केला.

कॉर्निस पीयूचं आहे, म्हणजे पॉलियुरेथेन. हातात घेतलं तर इतकं हलकं की वाटलं थर्माकोलच माथी मारलाय. पण नखाने दाबलं तर थर्माकोलला लगेच खड्डा पडतो, याला नाही पडला. ओल लागून फुगत नाही, पीओपीसारखं वजन नाही. नऊ महिन्यांत पट्टीला स्वतःला काहीही झालेलं नाही.

झालंय ते कोपऱ्यात. सुताराने सगळे तुकडे डोळे झाकून 45 अंशात कापले, पण घराचे कोपरे काटकोनात असतात कुठे? नंतर गुण्या लावून बघितला तर एक कोपरा चक्क 92 अंशांच्या आसपास, म्हणजे दोन्ही तुकडे 46 ला कापायला हवे होते. राहिलेल्या फटीत फिलर भरला, रंग मारला, मस्त दिसलं. तिसऱ्या महिन्यात तिथे केसाएवढी रेघ आली, मग ती वाढली, कारण तुकडे एकमेकांना जोडायच्या गोंदाने चिकटवलेच नव्हते, नुसता फिलर धरून बसला होता आणि हवा तापली, गार झाली की पट्टी थोडी हलतेच. एका ठिकाणी तर पेंटरने सिलिकॉन भरलं. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही हो! अळवावरच्या पाण्यासारखे रंगाचे थेंब झाले तिथे, अजून ती चकचकीत रेघ दिसते. रंग मारायचा असेल तर अॅक्रिलिकवालं सीलंटच आणा, आणि आणलंय का ते ट्यूबवर स्वतः वाचा.

स्कर्टिंग एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या बोर्डचं घेतलं, तिथे मात्र माती खाल्ली. पुढून गुळगुळीत रंग, पण खालची कड कच्चीच ठेवलेली. रोज ओलं फडकं फिरतं, ती कड टिपकागदासारखी पाणी ओढते. बाथरूमच्या दाराजवळचा तुकडा पाचव्या महिन्यात फुगला, वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला, आणि एकदा फुगलेलं एमडीएफ वाळलं तरी पूर्वीसारखं होत नाही. बाकी खोलीतलं ठीक आहे. लावायच्या आधी खालच्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर मारून घेतला असता तर बहुतेक वाचलं असतं.

भिंतीवरच्या चौकटी मात्र अजून आवडतात. आधी मास्किंग टेपने भिंतीवर आखून दोन दिवस तसंच ठेवलं होतं, या सगळ्या प्रकरणातलं माझं एकमेव शहाणपण! पहिल्या आखणीत स्विचबोर्ड बरोब्बर पट्टीवर येत होता, म्हणून चौकट अरुंद केली. आडवी पट्टी भिंतीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर घेतली, आधी अर्ध्यावर आखली होती तर खोली मधोमध चिरल्यासारखी दिसत होती.

आणि धूळ. कॉर्निसला ती दातांची नक्षी घेतली, जुन्या ग्रीक देवळांवर असायची तशी, फोटोत फार भारी दिसते. प्रत्येक दाताच्या खाचेत धूळ बसते, कपड्याने निघत नाही, रंगाचा कोरडा ब्रश घेऊन स्टुलावर चढावं लागतं, मान अवघडते. आत्ता परत घ्यायची वेळ आली तर साधी दोन पायऱ्यांची पट्टी घेईन, नक्षी गेली उडत.

फुगलेला तुकडा काढून तिथे पॉलिस्टायरीनची पट्टी लावली, तिला पाण्याचं काही नाही. पण गोलाई शेजारच्या पट्टीशी जुळत नाही, म्हणून समोर चपलांचं कपाट सरकवून ठेवलंय.