दादरचं अमेरिकन निवडणुकीवरचं व्याख्यान, आवर्जून जा
काल दादरला २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या इच्छुकांवरचं व्याख्यान ऐकलं, तिकिटाचे पैसे वसूल. रॉन डिसँटिसचा भाग सगळ्यात भारी, म्हणजे २०२२ ला फ्लोरिडात जवळपास १९ टक्क्यांच्या फरकाने पुन्हा गव्हर्नर झालेला माणूस आयोवा राज्यातल्या पक्षाच्या पहिल्याच मतदानात ट्रम्पच्या ५१ टक्क्यांपुढे २१ वर कसा अडकला आणि आठवड्याच्या आतच बाहेर कसा पडला हे एकदम उलगडून सांगितलं, लोकांत मिसळणं जमत नाही हीच त्याची खरी कमजोरी हे मला तरी पटलं. दुसऱ्या इच्छुक निकी हेलीबाई यूएनमध्ये अमेरिकेच्या राजदूत होत्या, अनुभव दांडगा, पण स्वतःच्या साउथ कॅरोलिनातच हरल्या, त्यावर फक्त दोन मिनिटं? हे चुकलंच. आणखी एक इच्छुक ख्रिस ख्रिस्टी तर राहूनच गेला. मागे माइक नीट ऐकू येत नव्हता, पुढे बसा.