पांढऱ्या पट्टीबरोबर गुरगुरणारा टीव्ही: ठाण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

ठाणे पश्चिमेला जांभळी नाक्याच्या बाजारपेठेतून आत वळणाऱ्या एका गल्लीत, दोन गिऱ्हाइके उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवरच थांबावे लागेल, एवढेसे एक टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. पाटीवरचा रंग उडालेला आहे आणि दुकान चालवणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना सगळेच ‘काका’ म्हणतात. आईच्या खोलीतला १९९३ साली घेतलेला वीस इंची, पिक्चर ट्यूबचा सेट मी त्यांच्याकडे नेला होता. हा सेट आता काढून टाका, असे मला निदान चौघांनी सांगितले. पण आईला त्याचा रिमोट पाठ आहे आणि नवा टीव्ही तिला नको आहे.

तक्रार अशी होती की आवाजाखाली सतत एक गुरगुर ऐकू येई, आणि बातम्यांच्या वाहिनीवर खाली पांढरी पट्टी सरकू लागली की ती इतकी वाढे की निवेदक काय बोलतो ते कळेनासे होई. याआधी एका ठिकाणी बाराशे रुपये देऊन स्पीकर आणि आवाजाचा आयसी बदलून झाला होता. गुरगुर होती तिथेच होती. उलट आवाज गोधडीखालून आल्यासारखा बसका झाला होता.

काकांनी सेट उघडण्याआधी आवाज पूर्ण खाली केला. गुरगुर नाहीशी झाली. “म्हणजे पुढचं सगळं ठीक आहे, घाण आवाजाच्या बटणाच्या आधीच मिसळतेय,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या पॅटर्न जनरेटरवर, म्हणजे तपासणीसाठी चित्र-आवाजाचा सिग्नल तयार करणाऱ्या यंत्रावर, सेट चालवून पाहिला, तर तो जवळजवळ स्वच्छ बोलू लागला, म्हणजे बराचसा दोष बाहेरून येत होता, म्हणून मी घरी जाऊन सेटटॉप बॉक्स व त्याच्याबरोबरचा आरएफ मॉड्युलेटर घेऊन आलो. सेटला चित्र आणि आवाज थेट जोडायची एव्हीची भोके नसल्यामुळे बॉक्सचे चित्र आणि आवाज त्या स्वस्तातल्या डबीतून अँटेनाच्या वायरीने आत जातात. ही डबी सोबत न्यायला हवी होती हे मला कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे रिक्षाचा एक फेरा वाया गेला.

डबी जोडून काकांनी मला जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण या दुकानाचे मोल त्यातच आहे. आपल्याकडच्या अॅनालॉग पद्धतीत चित्राची वाहक लहर आणि आवाजाची वाहक लहर यांच्यात नेमके ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. सेटमध्ये उतरल्यावर चित्राची लहर ३८.९ आणि आवाजाची ३३.४ मेगाहर्ट्झवर येते, पण आवाज काढण्यासाठी सेट या दुसऱ्या आकड्याकडे थेट पाहत नाही. तो दोन्ही लहरी एकत्र मिसळून त्यांतला फरक, म्हणजे पुन्हा तेच ५.५ मेगाहर्ट्झ, उचलतो. रूळ डावीकडे सरकले काय किंवा उजवीकडे, त्यांच्यातले अंतर कायम राहते, तसे ट्यूनर थोडा हलला तरी आवाज जागेवर राहतो. या सोयीची किंमत अशी की आवाजासाठी चित्राच्या लहरीवर अवलंबून राहावे लागते. आपल्या पद्धतीत पडद्यावरचा भाग जितका पांढरा, तितकी चित्राची लहर दुबळी, आणि शुद्ध पांढऱ्यालाही तिचा साधारण दहावा हिस्सा शिल्लक राहायला हवा. माझ्या डबीत चित्र इतक्या जोराने भरले जात होते की पांढऱ्या पट्टीवर लहर जवळपास संपतच होती. लहर नाही तर फरक नाही, आणि फरक नाही तर आवाजात भोक. सेकंदाला पन्नास वेळा पडणाऱ्या या भोकांनाच आम्ही घरी गुरगुर म्हणत होतो.

काकांनी डबीकडे जाणाऱ्या चित्राच्या वायरीत एक रेझिस्टर टाकून सिग्नल थोडा उतरवला. चित्र किंचित मंद झाले, पण पट्टी आली तरी आवाज बराचसा शांत राहिला. बराचसाच, कारण दुसरा दोष सेटमध्ये होता. आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या वारंवारतेच्या ५० किलोहर्ट्झपर्यंतच्या चढउतारात असतो, म्हणून आधी लिमिटर लहरीचे शेंडे छाटतो, आणि मग डिटेक्टर ती लहर व तिचीच पाव फेरा मागे सरकवलेली प्रत एकमेकींशी ताडून बोलणे वेगळे काढतो. ही प्रत सरकवणारी छोटी कॉइल नेमकी ५.५ वर लागलेली असेल तर उरलीसुरली गुरगुरही तिथे मरते. तीस वर्षांच्या उष्णतेने ती कॉइल सरकली होती. काकांनी तिच्या पत्र्याच्या डबीत प्लॅस्टिकचा बारीक पेचकस घातला, कान स्पीकरकडे लावला आणि जेमतेम पाव फेरा फिरवला. त्या पाव फेऱ्यात गुरगुर आधी वाढली, मग झपकन विझली. लोखंडी पेचकस घातला तर कॉइल तेवढ्यानेच बिघडते, असे त्यांनी सांगितले.

बसक्या आवाजाचे कारण निघाले तेव्हा मला राग आवरला नाही. प्रक्षेपणाच्या वेळी आवाजातले बारीक सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि सेटमध्ये तेवढेच उतरवतात, जेणेकरून वाटेत मिसळलेली सरसर त्यांच्याबरोबर कमी व्हावी. आपल्याकडे यासाठी ५० मायक्रोसेकंदांचे माप ठरलेले आहे. आधीच्या दुरुस्तीत तिथे आणखी एक मोठा कंडेन्सर ठोकून दिला होता. गुरगुर झाकली जावी म्हणून ही युक्ती केली असावी, पण त्यात ‘स’, ‘श’ आणि ‘च’ हीच अक्षरे मेली होती. आईला ऐकू कमी येते असे आम्ही धरून चाललो होतो. कंडेन्सर काढल्यावर तिने आवाज चार घरे खाली आणला.

दिवाणखान्यातल्या नव्या टीव्हीचीही तक्रार मी बोलता बोलता सांगितली: साउंडबारमधून शब्द आधी येतात आणि ओठ नंतर हलतात. तिथे डिमॉड्युलेशनचा, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढण्याचा, प्रश्नच नाही, आवाज आकड्यांच्या रूपातच येतो. मात्र चित्रावर संस्कार करायला टीव्हीला वेळ लागतो आणि बॉक्समधून परस्पर जोडलेला साउंडबार तेवढे थांबत नाही. साउंडबार टीव्हीच्या एआरसी खाचेला, म्हणजे टीव्हीतून आवाज बाहेर देणाऱ्या खाचेला, लावा, एवढेच काकांनी सांगितले. ते लागू पडले आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता गाऱ्हाणी. तीन दिवसांचा वायदा नऊ दिवसांवर गेला आणि त्यांतले पाच दिवस फोन उचलला गेला नाही. साडेसहाशे रुपयांची पावती वहीच्या फाडलेल्या कागदावर मिळाली, हमी तोंडी. नव्या सपाट टीव्हीचा बोर्ड गेला असेल तर इथे जाऊ नये, ते काम काका स्वतःच नाकारतात. परदेशातून आणलेला जुना सेट असेल तर मात्र अवश्य जावे: दुबईचा सेट आपल्याकडे सरळ बोलतो, पण इंग्लंड किंवा हाँगकाँगच्या सेटमध्ये हे अंतर ६ मेगाहर्ट्झचे असते, चित्र लागले तरी आवाजाच्या जागी नुसती सरसर येते, आणि त्यासाठी लागणारे तीन पायांचे ५.५ चे फिल्टर त्यांच्या खणात अजून आहेत.

दुरुस्तीला दोन महिने झाले. पूर्ण पांढऱ्या पडद्याची साबणाची जाहिरात लागली की अजूनही पुसटशी गुरगुर येते. तेवढी राहणारच, डबी स्वस्तातली आहे, हे काकांनी पैसे घेण्याआधीच सांगितले होते.