स्थिर विद्युतबलाची गणितं आणि ग्राफवही: काही महिन्यांच्या वापरानंतर

कूलोमच्या नियमावरची (दोन विद्युत प्रभारांमधलं बल प्रभारांच्या गुणाकाराच्या सम आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हा तो नियम) गणितं गेले काही महिने मी साध्या वहीऐवजी मिलिमीटरच्या ग्राफवहीत सोडवतेय. सोबत पट्टी, कोनमापक आणि टोक केलेली पेन्सिल. ॲप वगैरे काही नाही. सूत्र सगळ्यांनाच पाठ असतं. घोळ होतो तो दिशेत, आणि ही वही कामाला येते ती नेमकी तिथेच.

एक गणित बघा. काटकोनाच्या कोपऱ्यात +२ मायक्रोकूलोमचा (कूलोमच्या दहा लाखाव्या भागाचा) प्रभार, त्याच्या उजवीकडे ३० सेंटिमीटरवर +३ आणि वर तितक्याच अंतरावर −४. कोपऱ्यातल्या प्रभारावर बल किती आणि कुठल्या दिशेला? १-१ मायक्रोकूलोमचे दोन प्रभार ३० सेंटिमीटरवर ठेवले की बल बरोबर ०.१ न्यूटन येतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं तोंडी होतं: एक बल ०.६, दुसरं ०.८. सेंटिमीटरला ०.१ न्यूटन असं प्रमाण घ्यायचं. उजवीकडचा प्रभार ढकलतो, म्हणून ६ सेंटिमीटरचा बाण डावीकडे. वरचा ओढतो, म्हणून ८ सेंटिमीटरचा बाण वर. आयत पुरा करून कर्ण मोजला की १० सेंटिमीटर, म्हणजे १ न्यूटन. ०.६ आणि ०.८ ची सरळ बेरीज करून १.४ लिहायचा मोह कागदावर टिकतच नाही.

खरी गंमत कोनाची. बलाचे घटक, म्हणजे आडवा आणि उभा भाग, −०.६ आणि +०.८ आहेत (डावीकडे उणे, वर अधिक), म्हणून कॅल्क्युलेटरला ०.८ भागिले −०.६ चा टॅन इन्व्हर्स विचारला, तर तो उजवीकडच्या दिशेपासून −५३.१ अंश सांगतो. म्हणजे खाली उजवीकडे. बाण मात्र समोर वर डावीकडे गेलेला दिसतोय! त्यात १८० मिळवून १२६.९ अंश हे खरं उत्तर. बिचाऱ्या कॅल्क्युलेटरला दोन घटकांचा फक्त भागाकार कळतो. उणे चिन्ह वरच्या आकड्याचं होतं की खालच्या, हे त्याला कळायला मार्गच नाही. तो चुकून अंशांऐवजी रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककात, राहिला तरी असंच लगेच लक्षात येतं: साइन ३० ला −०.९९ आलं की आकृतीशी काही जुळत नाही.

प्रभाराची चिन्हं मी आता सूत्रात घालतच नाही. सूत्रातून फक्त परिमाण काढायचं, दिशा आकृतीवरून ठरवायची. −४ मधलं उणे सूत्रात घेतलं की बल −०.८ येतं आणि बरेच जण ते ‘खाली’ समजून मोकळे होतात.

आता उणिवा. एककाची चूक वही पकडत नाही. सगळी अंतरं सेंटिमीटरमध्येच राहिली तर प्रत्येक बल दहा हजार पटींनी कमी येतं, पण सगळे बाण एकाच प्रमाणात बदलत असल्याने आकृती तशीच सुबक दिसते. त्यासाठी वरचा ०.१ न्यूटनचा पडताळाच कामाचा. अंतरांत मोठा फरक असेल तिथेही वही हात टेकते: तेवढाच प्रभार दहापट दूर असेल तर १० सेंटिमीटरच्या बाणाशेजारी १ मिलिमीटरचा ठिपका उरतो. घनाच्या कोपऱ्यांवरचे प्रभार तर विसराच. तिथे घटक मांडण्याला पर्याय नाही. आणि पट्टीने मोजलेलं उत्तर दोन अंकांपलीकडे भरवशाचं नसतं, त्यामुळे परीक्षेत लिहायचं उत्तर घटकांवरूनच काढायचं.

वेळही जातो. सुरुवातीला एकेका गणिताला पानभर जागा आणि भरपूर खोडरबर लागतं. हल्ली मी मोजून काढते ती फक्त तीन किंवा जास्त प्रभारांची गणितं. दोनच असतील तर कोपऱ्यात हाताने बाण ओढले की भागतं. वही घेताना रेघा फिकट छापलेल्या बघून घ्या, गडद रेघांवर पेन्सिलीचा बाण शोधावा लागतो.