मिलानमध्ये 'फुकट' मिळालेलं जाकीट

मुद्द्याचं आधी सांगतो. मिलानच्या रस्त्यावर गाडी थांबवून कुणी विमानतळाचा रस्ता विचारला आणि बोलता बोलता लेदरचं जाकीट भेट द्यायला लागला, तर हात पुढे करू नका. मी केला आणि १७० युरो घालवून बसलो. त्यातून मी कोल्हापूरचा, काकांचं चप्पल लाईनला दुकान. चामडं मला कळायला हवं होतं, म्हणून लिहायला जरा जास्तच लाज वाटतेय.

मी तोरिनोला, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो तिथं, इंजिनिअरिंगचं मास्टर्स करतो. परीक्षा संपल्यावर एक दिवस मिलान बघायचं ठरवलं. सकाळची साधी रीजनल गाडी धरली, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये चपाती-भाजी. दोनेक तासांत मिलानो चेंत्राले, म्हणजे मिलानचं मुख्य स्टेशन.

सीनियर मुलांनी बजावून पाठवलं होतं. दुओमोसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर, कुणी मनगटाला दोरा बांधायला आला तर हात खिशात घाल. कबुतरांसाठी म्हणून तळहातावर मक्याचे दाणे ठेवले तर तिथंच झटक. दोन्हीचे पैसे नंतर मागतात. चादरीवर मांडलेल्या ब्रँडच्या बॅगांकडे तर बघूही नको, कारण इटलीत नकली माल घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि तो ७००० युरोपर्यंत जाऊ शकतो. मी सगळं पाळलं. दोरेवाला 'फ्री, फ्री' करत मागं लागला तेव्हा त्याला असं झोकात 'नो, ग्रात्सिए' म्हटलं की माझाच मला अभिमान वाटला. त्या अभिमानानंच पुढं घात केला असं आता वाटतं.

दुओमोच्या छतावर जिन्यानं चढलो, लिफ्टचं तिकीट महाग असतं. १३८६ साली बांधायला घेतलेलं ते चर्च, वर गेल्यावर संगमरवरी सुळक्यांचं रान. सगळ्यांत उंच टोकावर मादोन्नीनाची, म्हणजे मदर मेरीची, सोनेरी मूर्ती. मग शेजारची गॅलेरिया. काचेच्या छताचा हा बाजार जुझेप्पे मेंगोनीनं उभारला आणि १८७७ च्या शेवटी, काम संपत आलेलं असताना, तिथूनच पडून तो गेला. मधल्या चौकात जमिनीवर तोरिनोचं चिन्ह असलेला बैल आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून गरागरा फिरलं की नशीब उघडतं म्हणतात. टाचा घासून घासून तिथं खड्डा पडलाय. राहतो तोरिनोत, पण मीही फिरलो. नशीब काय उघडलं ते पुढं येतंच.

गॅलेरियातच प्रादा या महागड्या फॅशन ब्रँडचं पहिलं दुकान, १९१३ चं. मला ते मुद्दाम बघायचं होतं. २०२५ च्या जूनमध्ये याच मिलानमधल्या फॅशन शोत त्यांनी आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या होत्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, असलेली वस्तू! आपल्याकडं ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं त्यांनी मान्य केलं. काकांनी तेव्हा घरच्या ग्रुपवर रोज दहा मेसेज टाकले होते. त्यांच्यासाठी दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. आत मात्र गेलो नाही. दारातला काळ्या सुटातला माणूस काही बोलला नाही, फक्त माझ्या सॅककडं बघितलं.

पुढं व्हिया मोंतेनापोलेओने, महागड्या ब्रँडच्या दुकानांचा रस्ता. तिथं काचेतल्या एका पाकिटाची किंमत वाचली, मनात भाड्याशी ताडून बघितली आणि चालायला लागलो. दुपारपर्यंत शंभर तरी काचा झाल्या असतील. एक कॉफी उभ्यानं प्यायलो, कारण खुर्चीत बसलं की तीच कॉफी कितीतरी महाग होते. एवढा हिशेबी माणूस मी.

चारच्या सुमाराला स्फोर्त्सेस्को किल्ला बघून फोरो बुओनापार्तेच्या फुटपाथवरून कादोर्ना मेट्रोकडं निघालो होतो. एक राखाडी गाडी बाजूला येऊन थांबली. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, स्टिअरिंगवर पसरलेला नकाशा. लिनाते विमानतळाचा रस्ता विचारला. मी फोनवर दाखवला. तो खूश. कुठला? इंडिया? अरे वा, मी मुंबईला प्रदर्शनाला येऊन गेलोय! खिडकीतून हात पुढं केला, मी मिळवला, आणि बोलणं होईपर्यंत त्यानं तो सोडलाच नाही.

फॅशन कंपनीचा सेल्समन आहे म्हणाला. प्रदर्शन संपलं, दोन सॅम्पल जाकिटं उरलीत, फ्रान्सच्या हद्दीवर कस्टमवाले त्यावर ड्युटी लावतील, त्यापेक्षा तुझ्यासारख्या चांगल्या मुलाला देतो. एक तुला, एक वडिलांना. वडिलांचा साइज काय? हा प्रश्न ऐकला आणि मी विरघळलो. बाबांनी जन्मात लेदरचं जाकीट घातलेलं नाही. जाकिटं कापडी कव्हरमध्ये होती, कॉलरला 'वेरा पेल्ले', म्हणजे अस्सल चामडं, असं लेबल. किमतीचा टॅग १८०० युरोचा. दिवसभर जे काचेच्या पलीकडं होतं ते आता माझ्या मांडीवर होतं. हो, तोपर्यंत मी गाडीत बसलेलो होतो. ते कधी झालं ते आजही नीट आठवत नाही.

पैशाचा विषय अगदी शेवटी, कव्हरची चेन लावून झाल्यावर. कार्ड ब्लॉक झालंय, पेट्रोल भरायचंय, दोनशे युरो देशील का? विकत नाहीये हं, भेटच आहे, फक्त पेट्रोल. आता १८०० ची दोन जाकिटं मांडीवर घेऊन पेट्रोलला नाही कसं म्हणायचं? आपल्याकडं कुणी पोटभर जेवू घातलं आणि जाताना रिक्षाचे पैसे मागितले तर आपण सुटे नाहीत म्हणतो का? पाकिटात सत्तर होते. तो उदासपणे हसला आणि कोपऱ्यावरच्या एटीएमकडं बोट केलं. मी उतरून शंभर काढून आणले. त्यानं मोजलेसुद्धा नाहीत.

दोनशेचं पेट्रोल! तिथं तेव्हा लिटरला पावणेदोन युरोच्या आसपास पडायचं, त्याच्या त्या छोट्या गाडीची टाकी शंभरात काठोकाठ भरली असती. आणि फ्रान्सच्या हद्दीवर कसली ड्युटी? दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये. तोरिनोहून बसनं फ्रान्समधल्या ल्योंला मी स्वतः जाऊन आलोय, सॅम्पलवर ड्युटी घेणारं तिथं कुणी बसत नाही. हे सगळं मला माहीत होतं. गाडीतून उतरल्यावर माहीत होतं.

परतीच्या ट्रेनमध्ये कव्हर उघडलं. वास आला तो नव्या शॉवर कर्टनचा. खऱ्या चामड्याचा वास मी लहानपणापासून घेतलाय. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं दुकानाच्या माळ्यावर रचलेलं असायचं, शाळेच्या युनिफॉर्मला तो वास लागायचा. बाहीची शिलाई नखानं उचकटली तर खाली पांढरं जाळीदार कापड. चामड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात, बारीक लव असल्यासारखे, कापड कधीच निघत नाही. चक्क रेक्झिन.

तोरिनोत काराबिन्येरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ठाण्यात गेलो. तक्रारीला तिथं देनुंचा म्हणतात. अधिकारी सभ्य होता, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, गाडीचा नंबर? अर्धा तास मी त्या गाडीजवळ होतो, आत बसलो होतो, एटीएममधून येताना समोरून चालत आलो होतो. एक आकडा सांगता आला नाही. पैसे बळजबरीनं घेतले का? नाही. कार्ड त्याच्या हातात दिलं का? नाही. त्यानं मान हलवत कागदावर शिक्का मारला. १७० युरो परत येतील असं तोही म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

घरी आठवडाभर सांगितलं नव्हतं. शेवटी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि जाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "लेबल नको दावू, कड दाव." कड दाखवली. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "टाकू नको. येताना घेऊन ये. दुकानात टांगतो. रेक्झिन कसं असतंय ते गिऱ्हाइकास्नी दावायला बरं."