फॅन सर्विस आणि थर्मल पेस्ट : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मी काही रिपेअरवाला नाही, जळगावात अकाउंट्सची कामं करतो. लॅपटॉप आठव्या जनरेशनचा आय५ आहे आणि अजून तीन वर्षं तरी तोच चालवायचाय, नवीनसाठी पन्नास हजार काढायची तयारी नाही.

गेल्या दिवाळीनंतर फॅन सारखा बोंबलायला लागला, टॅली, एक्सेल चालू असताना व्हिडिओ कॉल लावला की सगळं अडकायचं. दुकानात नेला, फॅन सर्विस आणि नवीन थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) म्हणून १२०० रुपये घेतले, बिलावर तसं लिहूनही दिलं. दोन आठवड्यांत परत तेच. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर ९८ डिग्री! या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला स्पीड पाडतो, आणि मी इतके दिवस रॅम कमी पडते समजत होतो.

जानेवारीत स्वतःच उघडला. आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग हीटसिंक (प्रोसेसरवर बसणारा, उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उचलला, तर खाली पेस्टचे वाळलेले पोपडे. दोन महिन्यांपूर्वी लावलेली पेस्ट अशी होत नाही हो, हीटसिंक कुणी उचललाच नव्हता. त्या १२०० रुपयांचा राग मला अजून आहे.

पण पेस्टपेक्षा मोठी गोष्ट पुढे दिसली. फॅनचे तीन स्क्रू काढून तो बाजूला केला तर फॅन आणि तांब्याच्या फिन्सच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) मधे धुळीचा थर, गोधडीच्या कापडासारखा घट्ट, चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी निघाली. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायची सवय, त्याचं हे फळ. हा थर बाहेरच्या जाळीतून दिसत नाही, बाहेरून ब्लोअर मारला तर उलट आत ढकलला जातो. म्हणून सांगतो, सर्विसला दिलात तर समोर बसा आणि फॅन फिन्सपासून वेगळा करायला लावा, पात्यांवर ब्रश फिरवणं म्हणजे सर्विस नाही. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. डेस्कटॉपला मधे वाटाण्याएवढा थेंब चालतो कारण वर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपमधे प्रोसेसरची चिप उघडीच असते, कोपरा कोरडा राहिला तर तिथे हवा अडकते आणि हवेतून उष्णता जवळपास जातच नाही, म्हणून जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर सगळीकडे पसरवला. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ कोरलेलं असतं, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे. त्याच कॉलवर ९८ चे ७४ झाले, फॅन ऐकूही येईना. त्या दिवशी पेस्टला मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

आता इथे माझं मत बदललं. मे महिन्यात ८४ दिसायला लागलं, म्हटलं बाहेर ४४ आहे, लॅपटॉप तरी काय करणार. पण ऑगस्टमधे पाऊस, खोली २८ वर, आणि आकडा ९१! पेस्ट नकली निघाली असं वाटलं. परत उघडला तर फिन्स स्वच्छ, पण चिपच्या मधली पेस्ट सरकून कडेला जमलेली. चिप तापते, गार होते, तशी किंचित फुगते-आकसते आणि पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते, उघड्या चिपवर हे फार होतं. म्हणजे ट्यूब अस्सल असूनही सात महिन्यांत हे झालं, दर वेळी उघडून क्लिपा कोण तोडणार?

मग पेस्टऐवजी लावायचा हनीवेलचा पीटीएम७९५० पॅड मागवला. खर्च पेस्टच्या दुप्पट, हात आखडला, पण घेतला. चिपच्या मापाने कापला, दहा मिनिटं फ्रिजमधे ठेवला म्हणजे त्याच्यावरची संरक्षक फिल्म नीट सुटते. साधारण ४५ डिग्रीला तो मऊ होऊन चिपवर बसतो आणि पेस्टसारखा सहजासहजी सरकत नाही. पहिल्या दिवशी ८१ बघून पैसे गेले वाटलं, चार-पाच वेळा नीट तापून गार झाल्यावर ७५ वर आला. बाजूच्या छोट्या चिपांवरचे जाड थर्मल पॅड मात्र काढू नका, तिथे मोठी फट असते, पेस्टने ती भरत नाही.

काल खोली ३० वर, जीएसटीची फाईल उघडी, तासभर कॉल, ७६. उरलेला तुकडा बायकोच्या लॅपटॉपला लावायचाय, रविवारी तो उघडतो, त्याच्या फिन्समधे काय निघतं ते बघायचंय.